चिंधीची काठी

थळच्या कोळीवाड्यात अंबाजी वस्तादाची तालीम होती. तालीम म्हणजे नारळींच्या दोन रांगांमधली सारवलेली जागा. एका अंगाला शेंदूर फासलेला मारुती, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी होडीचा मोडका सांगाडा. त्याच्या फासळ्यांवर पोरं सदरे टांगत. नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला ताठ उभं करी, कानाच्या पाळीपर्यंत बांबू मोजून तोडी आणि म्हणे, "जा, आयशीकडं ने."

कारण पहिली काठी म्हणजे नुसता बांबू नव्हे. तिच्या दोन्ही टोकांना आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, मुठीएवढं बोंड होईपर्यंत. कुणाला लागलं तर धप्प वाजावं, फुटू नये, एवढ्यासाठी. या चिंध्या आईनंच बांधायच्या. आई नसेल तर मावशीनं, आत्यानं. त्या गाठींना वस्तादही हात लावत नसे, आणि एकाची चिंधीची काठी दुसऱ्यानं उचलायची नाही, हा तर तालमीतला पहिला धडा. खेळता खेळता चिंध्या झिजत जात. आतला बांबू उघडा पडला की पोरगं तयार झालं असं समजायचं. मग वस्ताद त्याला लोखंडी कड्यांची काठी देई. काही उतावळी पोरं चिंध्या गुपचूप खडकावर घासत. मग वस्ताद त्यांच्या आयांना बोलावून आणखी एक लुगडं फाडायला लावी, आणि पोरगं घरी जाऊन जो मार खाई तो तालमीत कधी मिळाला नसता.

आवडाबाईनं आपल्या सदूची काठी बांधली ती निळ्या लुगड्यानं. ते लुगडं तिच्या नवऱ्यानं, येसाजीनं, मुंबईहून आणलं होतं. येसाजी गोदीत कामाला होता. गोदीत मोठा स्फोट झाला त्या दुपारी तो तिथंच होता, एवढं तिला कळलं. पुढं काही कळलं नाही आणि घरी आणायलाही काही उरलं नाही. त्या दिवशी थळच्या किनाऱ्यावरून उत्तरेला धूर दिसला होता. शेजारची केसर तिच्याबरोबर उभी होती. डोळ्यांवर हात धरून ती म्हणाली होती, "कनची तरी गिरण पेटली वाटतं." दोघींनी थोडा वेळ बघितलं, मग सुकत घातलेला जवळा परतायला घेतला.

त्याला आता नऊएक वर्षं झाली होती. सदूला मिसरूड फुटली होती. आदल्या पावसाळ्यात मुदतीच्या तापानं त्याला असा पिळून काढला की अंगावर फक्त उंची राहिली. मुंबईहून त्याच्या काकाचे निरोपावर निरोप येत होते, की पोराला धाडून द्या, गोदीत चिकटवतो. हा निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला आवडाबाई चहा पाजी आणि निरोप ऐकला नाही असं करी. तिला समुद्राचं भय नव्हतं. समुद्रानं माणूस नेला तर निदान कुणी नेला हे कळतं, असा तिचा हिशेब. मुंबईचं तिला भय होतं.

म्हणून तिची सगळी नजर काळूराम नाखव्याच्या नव्या होडीवर होती. होडीवर एकाच खलाशाची जागा होती. आणि काळूराम आपला नवा गडी चैत्रातल्या पालखीपुढं निवडायचा. पालखी तालमीपाशी थांबली की चिंधीच्या काठीची पोरं देवीपुढं काठी फिरवत. "ज्याच्या हातात काठी नाचते त्याच्या हातात वल्हं रडत न्हाय," असं तो म्हणे, आणि होडी त्याची असल्यामुळं त्याला कुणी उलटून विचारत नसे.

तसं विचारण्यासारखं फारसं नव्हतंच. जागा बाबाजीची होती. बाबाजी म्हणजे केसरचा मुलगा. सदूच्याच वयाचा, पण खांदे असे की दारातून आडवा होऊन आत यावा. केसर आणि आवडाबाई रोज पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन अलिबागच्या बाजारात जात. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ही तिची उचलून देई, ती हिची. मग रस्ताभर दोघींचं तोंड चालू.

"गो आवडे, तुझा सदू काल काठी फिरवत व्हता की माशा वारत व्हता?" केसर विचारी.

"तुझ्या बाबाजीला विचार. त्याच्या नाकावरची माशी उडवत व्हता."

केसर पाटीखाली हसे, आणि पाटीतलं पाणी दोघींच्या पाठीवर सांडे.

पण बाजारातून परत आल्यावर आवडाबाई नारळीआड उभी राहून सदूला बघे तेव्हा तिला हसू येत नसे. वस्तादानं शिकवलेले पवित्रे त्याला तोंडपाठ होते. पाय बरोबर पडत. काठी मात्र अर्ध्या फेऱ्यात मरे. मनगटात बळ नाही म्हणून टोक लोंबे, पुढचा फेरा धरायला ती जणू विसरून जाई. बाबाजी त्याला समजावी, "अरे सोड तिला, जाऊ दे, मग धर." सदू सोडी, आणि काठी खरंच जाऊन वाळूत पडे. पोरं हसत. बाबाजी हसत नसे. त्याचं ते न हसणं आवडाबाईला जास्त लागे.

एका दुपारी ती घरात बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. समोरच्या भिंतीवर येसाजीचा पाग टांगलेला होता. फेकून टाकायचं ते जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. येसाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून तो फेकी तेव्हा तो हवेत ताटासारखा गोल उघडे. उघडतो तो हातानं नव्हे, काठाच्या शिशानं. शिसं बाहेर ओढतं म्हणून जाळं फिरतं. एकदा उंदरांनी काठ कुरतडला आणि गोळ्या गळाल्या, तेव्हा तोच पाग, त्याच हातानं फेकलेला, ओल्या फडक्यासारखा पाण्यात पडला होता.

सोडे तसेच ठेवून तिनं पाग खाली घेतला.

मूठभर गोळ्या काढल्या. शिसं मऊ, पाट्यावर वरवंट्यानं ठेचून त्याच्या पट्ट्या केल्या. सदूची काठी आणून चिंध्या सोडल्या, दोन्ही टोकांना पट्ट्या सारख्या वाटून बांबूवर वळवल्या, वरून जाळ्याचं सूत आवळलं आणि त्यावर निळं लुगडं पुन्हा होतं तसं गुंडाळलं. यात कुणाला इजा व्हावी असं तिच्या मनात काही नव्हतं. काठी म्हणजे तिच्या लेखी फिरवायची वस्तू होती. जाळं फिरतं तशी काठी फिरेल, इतकंच. कुणी विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं.

दाराला कडी मात्र तिनं आधीच घातली होती.

"जड लागते गो, आये," सदू म्हणाला.

"गाठी सैल झाल्या व्हत्या. दुपदरी बांधलीय. तुझ्या बापसानं आनलेलं लुगडं हाय, जडच असायचं."

पहिले दोन-चार दिवस त्याचे खांदे दुखले. मग एके संध्याकाळी काठी फिरली. टोकानं टोकाला ओढत नेलं, फेरा पुरा झाला, त्यातून दुसरा निघाला. सदूचा चेहरा असा झाला जसा लहानपणी पहिल्यांदा पाण्यावर तरंगला तेव्हा झाला होता. अंबाजी वस्ताद तंबाखू मळायचा थांबला. "हात बसला," म्हणाला. बाबाजीनं तर त्याला उचलूनच घेतलं. "मावशे," तो नारळीकडं बघून ओरडला, "बाहेर ये, दिसतेस तू! बघ तुझा पोऱ्या! काय खायला घालतेस याला?"

आवडाबाई पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसांत ती फार सुखात होती. रस्त्यानं केसरशी भांडायलासुद्धा विसरे.

पालखीच्या दिवशी उन्हं कलताना सनई-ताशांचा खालूबाजा वाजत तालमीपाशी आला. पालखी मारुतीसमोर टेकली. एकेक पोर पुढं येऊन काठी फिरवून गेलं. बाबाजीनं फिरवली; जमिनीतून वारा काढल्यासारखा आवाज. शेवटी सदू आला. निळी बोंडं त्याच्याभोवती अशी फिरू लागली की बायका मागं सरकल्या. डोक्यावरून, पाठीमागून, गुडघ्याखालून. थांबला तेव्हा बाजेवाल्यांनाही वाजवायचं आठवलं नाही.

काळूराम नाखव्यानं मिशी चाचपली. एका बाबाजीला मनात धरून तो आला होता आणि आता दोघं झाले होते. तो वस्तादाला म्हणाला, "जोड लाव या दोघांची. बघू."

आवडाबाईची नजर निळ्या बोंडांवर गेली.

जोड लावणं नवीन नव्हतं. वस्तादाचा नेम होता, चिंधीच्या काठीनं वार दाखवायचा, द्यायचा नाही. समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडं हात थांबायला हवा. तेच तर शिकायचं असतं. पण जड पाग एकदा हातातून सुटला की मध्येच धरता येत नाही, हे मासेमाराच्या बायकोला कुणी सांगायला नको. तिचा हात वर झाला. तोंड उघडलं. एक शब्द ओरडली असती तर पुरे होतं. मग वस्तादानं काठी बघायला घेतली असती, चिंध्या सुटल्या असत्या, आणि सगळ्या वाड्यासमोर, पालखीसमोर, काळूरामसमोर... तिनं हात तसाच केसांवरून फिरवून खाली घेतला. शेजारी केसर दोघांच्याही नावानं ओरडत होती, तिला दोघंही जिंकायला हवे होते.

दोघं भिडले. बाबाजीनं कमरेचा वार दाखवला, सदूनं अडवला. सदूनं डोक्यावर वार काढला, बाबाजी हसत जागेवर उभा राहिला, कारण सदूचा हात थांबणार हे त्याला माहीत होतं. सदूचा हात थांबला. काठी थांबली नाही.

धप्प वाजलं. फुटल्यासारखं काही नाही. कानशिलावर. बाबाजी एका गुडघ्यावर टेकला, डोकं हलवलं आणि उठला. "मेल्या," तो म्हणाला, "जोर आला रे तुझ्या हातात!" सगळे हसले. रक्ताचा टिपूस नव्हता. आवडाबाईला इतकं बरं वाटलं की ती मारुतीच्या पाया पडली.

मग पोरं नारळीमागं गेली. दारूबंदी होती, त्यामुळं ताडी नारळीमागं प्यायची असा रिवाज पडला होता. बाबाजीही दोन घोट प्यायला. दिवेलागणीला त्याचं डोकं दुखू लागलं, मग उलट्या झाल्या. केसरनं त्याला घरात घेऊन दार लोटलं. आवडाबाई धावत गेली.

"डोकं ठणकतंय म्हणतो," केसर कुजबुजली. "अलिबागला नेऊ काय गो? डाक्तर तोंडाचा वास घेईल. फौजदार आला तर?"

बाबाजी भिंतीकडं तोंड करून घोरत होता. त्याचं ते घोरणं आवडाबाईला आवडलं नाही. पण त्याला अलिबागला नेलं तर कशानं लागलं ते कुणी विचारेल, काठी मागेल. "ताडीच हाय ती," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."

सकाळी केसर त्याला उठवायला गेली तेव्हा तो गार होता.

वाड्यात कुणी म्हणालं ताडी बाधली, कुणी म्हणालं ऊन. सदूच्या वाराचंही नाव निघालं, पण चिंधीच्या काठीनं कुणी मेलेलं कुणाच्या आज्यानंही ऐकलं नव्हतं. ज्याच्या चिंध्या झिजायच्या आधी माणूस जातो त्याची काठी त्याच्याबरोबर सरणावर ठेवतात. अंबाजी वस्ताद ती आणायला तालमीत गेला. दोन काठ्या सांगाड्याला टेकलेल्या होत्या, एक केसरच्या लुगड्याची हिरवी, एक निळी. नेमाप्रमाणं त्यानं हिरवीच उचलली असती, पण त्या दिवशी त्याला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यानं दोन्ही उचलल्या, दोन हातांत दोन.

तो बराच वेळ तिथं उभा होता असं बाज्यातला ताशेवाला पुढं सांगायचा. मग हिरवी घेऊन तो स्मशानात आला आणि कुणाशी बोलला नाही.

सुतक फिटायच्या आत काळूराम आवडाबाईच्या दारात येऊन गेला. "देवीच्या मनात जे व्हतं ते झालं. सदूला पाठव." तिला जे हवं होतं ते सगळं असं दारात चालत आलं. सदू मात्र कोपऱ्यात बसून डाव्या हातानं भात खात होता. उजवा हात त्यानं मांडीखाली धरलेला असायचा.

"उजव्यानं खा रे."

"मी थांबवली व्हती गो, आये." दिवसातून कितीदा तरी तो हेच म्हणे. "हात थांबलेला मी बघितला. मग ती थांबली का न्हाय? माझ्या मनात काय व्हतं काय? जागा पायजे व्हती म्हणून?"

"येडा हायस तू."

"मग का न्हाय थांबली?"

याला तिच्याकडं उत्तर होतं. तेच एक उत्तर होतं, आणि ती भांडी घासायला उठे.

वस्ताद आला तो भर दुपारी. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली काठी त्यानं उंबऱ्यावर ठेवली.

"आवडाबाय, ही जड हाय."

तिनं काठी तशीच उंबऱ्यावर राहू दिली.

"मी सोडनार न्हाय. जिनं बांधली तिनंच सोडायची. इतकी वर्सं मी गाठींना हात लावला न्हाय, रीत म्हनून. त्या दिवशी लावला असता तर केसरचा पोऱ्या..." तंबाखूची चंची उघडून त्यानं पुन्हा मिटली. "माझंही पाप हाय यात. तुझं तू बघ."

"काळूराम सदूला नेतो म्हनाला," ती म्हणाली.

"ठावं हाय मना."

"सोडली तर नेईल?"

वस्तादानं आत बसलेल्या सदूकडं बघितलं, त्याच्या मांडीखालच्या हाताकडं. "न सोडली तर जाईल तो? त्या हातानं?"

तो गेल्यावर तिनं पदर खोचला, काठी उचलली आणि सदूला म्हणाली, "चल." कुठं, ते सांगितलं नाही.

केसर अंगणात जाळं पसरून बसली होती. विणत नव्हती, नुसतं धरून बसली होती. दमेकरी नवरा ओटीवर पडला होता. आवडाबाई तिच्यासमोर बसली आणि गाठ सोडू लागली. ती स्वतःच आवळून बांधलेली, नखांनी सुटेना. तिनं दातांनी सोडली. निळी चिंधी सुटत गेली, सूत सुटलं, आणि शिशाची पट्टी जाळ्यावर पडली. मग दुसरी. मग बाकीच्या.

केसरनं एक उचलून उन्हात धरली.

"पागाचं शिसं हाय," ती म्हणाली. "येसाजीच्या."

"व्हय. काठी फिरेना त्याची. म्हनलं फिरेल."

केसरनं पट्टी जाळ्यावर परत ठेवली. मग म्हणाली, "जोड लावली तवा तू माझ्या बाजूला उभी व्हतीस."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं यात काय हाय."

"व्हय."

"मग वरडली का न्हायस?"

आवडाबाईनं काठीच्या उघड्या टोकावरून हात फिरवला. "सदूला हसले असते," ती म्हणाली.

ओटीवरच्या माणसाचा दमा तेवढा ऐकू येत राहिला. सदू उभा होता. त्यानं उजवा हात समोर धरून उलटसुलट करून बघितला, दुसऱ्या कुणाचा तरी परत मिळाल्यासारखा. "म्हंजे मी थांबवली व्हती," तो म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. आवडाबाईनं तो बघितला. एवढ्यासाठीच ती आली होती. मग त्याच चेहऱ्यावर दुसरं काहीतरी हळूहळू चढत आलं, भरतीसारखं.

"आनि फिरवली? ती पन मी न्हाय?"

आवडाबाई सुटलेलं सूत गोळा करू लागली. त्यानं वाकून काठी उचलली. दोन्ही टोकांना बांबू उघडा पडला होता.

"बांबू दिसला," सदू म्हणाला. "झालो मी तयार." आणि त्यानं काठी गुडघ्यावर घेऊन मोडायला बघितली. कोवळा बांबू, मोडला नाही. नुसता वाकला आणि पुन्हा सरळ झाला. मग त्यानं ती तिथंच टाकली.

केसरनं शिशाचे तुकडे एकेक वेचून पदरात बांधले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. फौजदारापर्यंत गोष्ट गेली नाही. पंच बसले, आणि सगळ्यांना आपापल्या नारळीमागची ताडी आठवली. अंबाजी वस्तादानं मात्र पुढं चिंध्या आयांकडून मागितल्या आणि बांधायला सगळ्या जणींना तालमीत बसवलं, उघड्यावर. काळूरामनं दुसरीकडचा गडी घेतला. सदूला त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो घरात नव्हता. काकाचा पुढचा निरोप घेऊन आलेल्या माणसाबरोबर तो रेवसला जाऊन मुंबईच्या लाँचमध्ये बसला होता. जाताना त्यानं आईच्या पाया पडायला वाकून उजवा हात लावला. ती म्हणाली, "जपून," आणि आपल्या तोंडून हा शब्द आला याचंच तिला हसू आलं. हसू म्हणजे तसलंच.

त्यानंतर आवडाबाई अर्धीच पाटी भरी. अर्धी पाटी एकटीला डोक्यावर घेता येते. केसरही अर्धीच भरी. एकाच रस्त्यानं, एक पुढं आणि एक बरीच मागं, दोघी अर्ध्या पाट्या घेऊन अलिबागला जात आणि अर्ध्या पोटानं परत येत. पावसाळा तसाच गेला.

नारळी पुनवेनंतर होड्या पुन्हा निघाल्या. पहिल्याच खेपेला पापलेटं अशी आली की दोघींच्या पाट्या काठोकाठ भरल्या. टाकून जावी अशी ती मासळी नव्हती. बाकीच्या बायका जोडीजोडीनं निघून गेल्या. आवडाबाई पाटीपाशी वाकली, उठली, पुन्हा वाकली. पाटी हलेना.

समोरून दोन हात आले आणि पाटीच्या काठाला लागले. केसर तिच्याकडं बघत नव्हती. तिनं पाटी उचलून आवडाबाईच्या डोक्यावर बसवली. मग आपल्या पाटीपाशी जाऊन उभी राहिली आणि वाट बघत राहिली. तिची तरी उचलून द्यायला दुसरं कोण होतं? आवडाबाईनं एका हातानं आपली सावरत, गुडघे वाकवून दुसऱ्या हातानं तिची लावून दिली.

दोघी निघाल्या, शेजारीशेजारी. भरली पाटी डोक्यावर असली की मान वळवता येत नाही, ही त्यातल्या त्यात सोय होती.